म्हातारीसाठी शिवलेली गादी

जुनी गादी उकलली की ती वापरणारा माणूस कसा झोपतो, हे गादीवाल्यांना न विचारता कळत असे. एका कुशीवर झोपणाऱ्याचा खळगा अरुंद आणि खोल असतो. उताणे झोपणाऱ्याचा पसरट असतो. ज्याला झोपच लागत नाही त्याच्या गादीत खळगा पडत नाही. सगळा कापूस सारखाच चुरगळलेला निघतो. एकदा एका बाईंची गादी उकलताना ते सहज बोलून गेले, "तुमचे मालक बरोब्बर मधोमध झोपतात आणि तुम्ही अगदी कडेला." त्या बाई म्हणाल्या, "अहो, बारा वर्षं मी घरात हेच सांगतेय! आज पुरावा मिळाला. त्यांच्यासमोर येऊन सांगाल का?" गादीवाले म्हणाले, "नको हो बाई. गादी दोघांची आहे, माझ्याकडे पुन्हा भरायला यायची आहे."

चाळीस वर्षे त्यांनी हा एकच धंदा केला. खाली दुकान, वर राहायची एक खोली, मध्ये अरुंद लाकडी जिना. दुकानात एका बाजूला कापूस पिंजायचे मशीन होते आणि दुसऱ्या बाजूला गादी भरून टाके घालायची मोकळी जागा होती. मशीन चालू असले की हवेत तंतू उडत आणि त्यांच्या भुवयांवर बसत. त्यामुळे त्यांच्या भुवया खरोखर कधी पिकल्या, हे गल्लीत कुणालाच नक्की सांगता आले नसते. दाभण ओढून ओढून उजव्या हाताची बोटे टोकाला इतकी घट्ट झाली होती की चहाचा तापलेला पेलाही त्यांना लगेच जाणवत नसे.

गादी तयार करून देताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच वाक्य सांगत. "आठ दिवसांनी ऊन दाखवत जा. कापूस पाणी पितो आणि सांगत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते की शेजारच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्या बाई त्यांच्या आधी ते पूर्ण करत आणि तिकडून ओरडत, "सांगत नाही हो, सांगत नाही! ऐकलं आम्ही!"

गादीवाल्यांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणत असे. दोन्ही दुकानांच्या मागे एक सामाईक अंगण होते. तेथे नळ होता, कपडे वाळत घालायच्या दोन तारा होत्या आणि मावशींची मांजरे होती. ती घरातली मांजरे नव्हती. ती उघड्यावर वाढलेली होती आणि दार बंद झाले की घाबरीघुबरी होऊन भिंतींवर चढत, म्हणून त्यांना आत घेऊन उपयोग नसे. त्या वर्षी ती चार होती. डोक्यावर काळा ठिपका असलेला टोपीवाला, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या दोघी बहिणी, आणि म्हातारी. म्हातारी करड्या रंगाची होती, तिचा एक कान फाटलेला होता, आणि मावशींच्या हिशेबाने तिला चौदावे वर्ष चालू होते. तिचे मागचे पाय आखडले होते. भिंतीवर उडी मारायचे तिने केव्हाच सोडून दिले होते.

त्या गावची थंडी साधी नव्हती. नळाखालच्या बादलीतल्या पाण्यावर सकाळी काचेसारखा पापुद्रा धरत असे. म्हणून मावशी थंडीच्या आधीच तयारीला लागत. कोपऱ्यावर कपबश्यांचे दुकान होते. तेथे लाकडी पेट्यांतून माल येई आणि कपबश्या फुटू नयेत म्हणून त्यांत पेंढा भरलेला असे. मावशी त्या रिकाम्या पेट्या आणत, एका बाजूला मांजर जेमतेम शिरेल एवढेच भोक ठेवत, पेटी दोन विटांवर चढवत, वरची फळी उघडता येईल अशी ठेवून तिच्यावर प्लास्टिक बांधत आणि भोकाचे तोंड भिंतीकडे करत, म्हणजे वारा आत जात नसे. आत फक्त पेंढा घालत. दर पंधरा दिवसांनी त्या कपबशीवाल्यांकडे जात आणि पेंढ्याचे पोते डोक्यावर घेऊन येत.

गादीवाले दुकानातून म्हणत, "बघा, गादीवाल्याची बायको आणि डोक्यावर पेंढा. लोकांना वाटेल, आम्ही गाद्यांत हेच भरतो."

मावशी चालता चालता म्हणत, "वाटू दे. तुमची गिऱ्हाइकं चार ठिकाणी बोलतात. माझी बोलत नाहीत, म्हणून चाललंय माझं."

गल्ली हसत असे. गादीवालेही हसत. पण त्या हसण्याच्या तळाशी एक काटा रुतलेला होता, आणि तो सव्वीस वर्षे तेथेच होता.

सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या काही थंड्यांपैकी एकीत, गादीवाले एका सकाळी अंगणात गेले आणि त्यांना मांजरीच्या पेटीत आपला कापूस दिसला. पांढरा, लांब धाग्याचा, एका मोठ्या घराच्या रजईसाठी मुद्दाम निवडून ठेवलेला कापूस. त्यांचे डोके फिरले. ते चारचौघांसमोर ओरडले, "माझा कापूस मांजरांच्या अंगाखाली? हे असलं या घरात चालायचं नाही!" मावशी एक शब्दही उलटून बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच सकाळी पेटी रिकामी केली, आणि त्यानंतर कापसाचा एक पुंजकाही कधी मागितला नाही. पुढच्या आठवड्यात त्या पहिल्यांदा कपबशीवाल्यांकडे गेल्या.

गादीवाल्यांचा राग संध्याकाळपर्यंत उतरला होता. पण "घे गं, हवा तेवढा घे" हे साधे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. आज म्हणू, उद्या म्हणू, असे करता करता वर्षे गेली. पेंढ्याचे पोते दारातून आत येताना दिसले की त्यांना दर वेळी वाटे, आपण कद्रूपणा केला म्हणून ही बाई हे ओझे वाहते आहे. आणि मग ते ती पेंढ्याची थट्टा करत, कारण दुसरे काय करावे ते त्यांना सुचत नसे.

मावशी गेल्या त्या थंडी सुरू व्हायच्या दीड महिना आधी. छातीत पाणी झाले होते. इस्पितळात त्या अकरा दिवस होत्या. मुलगी परगावाहून आली होती, आणि ती औषधे आणायला खाली गेली असताना मावशींनी गादीवाल्यांना जवळ बोलावले.

"अहो, एक काम होतं."

"बोल."

"म्हातारीला यंदाची थंडी काढू दे. पुढचं पुढे. पण यंदाची काढू दे."

"काढेल ना."

"तशी नाही काढायची ती. तिला बघावं लागेल. पेंढा कपबशीवाल्यांकडून आणा. पंधरा दिवसांनी बदलत जा. विसराल."

"नाही विसरणार."

"विसराल हो तुम्ही," असे म्हणून त्या थोड्या हसल्या आणि त्यांना खोकला आला.

मुलगी दोन आठवडे राहिली. जाण्यापूर्वी तिने वरची खोली झाडून पुसून दिली, आईची पातळे घडी करून पेटीत ठेवली, आणि पलंगावरच्या गादीला हात लावून ती म्हणाली, "बाबा, ही एकदा पिंजून भरा हो. डावीकडे केवढा खड्डा पडलाय. लोकांच्या गाद्या करता आणि स्वतः असल्यावर झोपता."

"बघू," गादीवाले म्हणाले.

"निदान ऊन तरी दाखवा. आई गेल्यापासून खाली उतरलेलीच नाही ती."

"बघू म्हटलं ना."

मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि गादीवरची चादर पुन्हा सारखी केली. गादीवाल्याची मुलगी होती ती. ऊन लागले की कापूस फुगतो आणि खळगे भरून येतात, हे तिला सांगायची गरज नव्हती. डावीकडचा खळगा अरुंद आणि खोल होता, गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर झोपणाऱ्या बाईचा.

मुलगी गेल्यावर गादीवाले कामाला लागले. कपबशीवाल्यांकडे ते गेले नाहीत. ते विसरले नव्हते. त्यांनी ठरवून तसे केले. त्यांच्या मनाने असे घेतले होते की बायकोने पेंढा मागितला तो केवळ नवऱ्याकडे कापूस मागायची चोरी म्हणून. मरतानासुद्धा तिने कापूस मागितला नाही, हे त्यांना फार लागले होते. जे वाक्य तोंडातून निघाले नाही, ते आता हातातून निघावे, एवढेच त्यांना हवे होते.

त्यांनी दुकानातला सर्वांत चांगला कापूस काढला आणि दोनदा पिंजला. पेटीच्या मापाच्या चार लहान गाद्या बेतल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची खोळ शिवली, कडेला बाळाच्या गादीला घालतात तसा गोल काठ घातला. म्हातारीची गादी त्यांनी सर्वांत शेवटी केली. तिचे पाय आखडलेले, म्हणून तिच्या गादीत मध्ये थोडा उतार ठेवला, उशाकडची बाजू किंचित वर घेतली आणि टाके इतके जवळ घातले की कापूस कधीच सरकणार नाही. माणसासाठी अशी गादी केली असती तर बघायला लोक आले असते. मग त्यांनी पेट्यांतला उरलासुरला पेंढा काढून टाकला आणि गाद्या आत बसवल्या.

इस्त्रीवाल्या बाई तारेवरचे कपडे काढायला अंगणात आल्या होत्या. त्या मावशींच्या तीसेक वर्षांपासूनच्या मैत्रीण; मावशींना त्या वहिनी म्हणत आणि गादीवाल्यांना भाऊजी. त्यांनी वाकून पेटीत पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"का? आवडली नाही? तुमच्या नातवंडांना केल्या नाहीत म्हणून राग आला असेल."

"तसं नाही हो. पण... पेंढाच बरा होता. वहिनी पेंढाच घालायच्या."

"घालायची, कारण तिला कापूस मिळत नव्हता," गादीवाले म्हणाले आणि त्यांचा आवाज उगीचच चढला. "चाळीस वर्षं मी या गावाला झोपवतोय, बाई. तुमच्यासकट. आता मांजराला झोपवता यायचं नाही का मला?"

इस्त्रीवाल्या बाईंनी तारेवरचे उरलेले कपडे ओढून काढले. कपडे खांद्यावर टाकून त्या आत गेल्या.

पहिले चार दिवस सर्व काही छान चालले. म्हातारी गादीवर बसली, पुढच्या पंजांनी तिने कापड दाबून दाबून पाहिले आणि ती वेटोळे करून झोपली. गादीवाले दुपारचा चहा घेऊन अंगणात पायरीवर बसले आणि तिच्या पेटीकडे बघत राहिले. बायको गेल्यानंतर त्या दुपारी त्यांना पहिल्यांदा भूक लागली.

पाचव्या दिवशी आभाळ आले. मोठा पाऊस नव्हता. दिवसभर बारीक, बर्फासारखी गार भुरभुर लागून राहिली आणि वर धुके. ऊन दिसेना. मांजरे ओल्या अंगाने आत जात, ओल्या पायांनी बाहेर येत. त्यांचा श्वासही त्या लहान पेटीतच जिरत असे. गादीवाले रोज दुपारी पेटीत हात घालून बघत. खोळ गार लागे. पण त्या दिवसांत काय गार लागत नव्हते? भिंत गार होती, मशीन गार होते, त्यांचे स्वतःचे अंथरूण गार होते. त्या घट्ट झालेल्या बोटांना गार आणि ओले यांतला फरक कळला नाही. खोळ जाड होती आणि पाणी आत, कापसात, बसले होते.

सातव्या दिवशी दोघी बहिणी पेटीत दिसल्या नाहीत. त्या इस्त्रीवाल्या बाईंच्या टेबलाखाली सापडल्या. दार अर्धे उघडे ठेवले होते म्हणून त्या तेथपर्यंत आल्या होत्या. टोपीवालाही शेजारच्या छपराखाली जाऊन बसला.

"तुमच्याकडे निखारे आहेत, म्हणून गेल्या," गादीवाले म्हणाले.

"भाऊजी, मी सांगते ते ऐका. त्या गाद्या काढा आज."

"थंडी वाढलीय. काढायच्या कशाला, वर अजून एकेक दुलई घालतो."

"भाऊजी, अहो—"

"बाई, इस्त्रीचं मी तुम्हाला कधी शिकवलंय?"

त्यांनी घरातली एक लहान दुलई कापून म्हातारीच्या गादीवर आणखी एक थर चढवला. म्हातारी मात्र कोठे गेली नाही. तिला भिंत चढता येत नव्हती, आणि चौदा वर्षे ती पेटी तिची होती. तिच्याजवळ कपबशीवाल्यांच्या दुकानापर्यंत जायचे पाय नव्हते, आणि पेंढा मागायला तोंडही नव्हते.

आठव्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर भुरभुर थांबली आणि कडाक्याचा गारठा पडला. नवव्या दिवशी सकाळी गादीवाले तोंड धुवायला अंगणात आले, तेव्हा बादलीतल्या पापुद्र्यावर लोटा आपटावा लागला. त्यांनी नेहमीप्रमाणे हाक मारली, "काय म्हातारे, उठलीस का?" उत्तर म्हणून ती फाटका कान हलवत असे. आज कान हलला नाही. त्यांनी तिला उचलायला हात घातला, तर तिच्याबरोबर दुलईही उचलली गेली. ती तिच्या अंगाला चिकटून कडक झाली होती. खालची गादी फळीसारखी वाजली.

तिचा श्वास चालू होता, पण फार दुरून आल्यासारखा. त्यांनी तिला सदऱ्याच्या आत धरले आणि ते अनवाणीच निघाले. प्राण्यांच्या डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे बसत. त्या तरुण होत्या, त्यांनी अजून दवाखान्याचे दार पुरते उघडलेही नव्हते. त्यांनी म्हातारीला कोरड्या टॉवेलात घेतले, गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, एक सुई टोचली आणि काम करता करता विचारले, "कुठे झोपते ही?"

"पेटीत. बाहेर. पण गादी आहे तिला," गादीवाले म्हणाले. "कापसाची. मी स्वतः केलेली. वर दुलई पण आहे. दोनदा पिंजलेला कापूस आहे, डॉक्टर."

डॉक्टरांचे हात क्षणभर थांबले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, बाहेरच्या मांजरांना कापूस नाही घालायचा. कापूस पाणी धरून ठेवतो. मांजराच्या अंगातली ऊबच मग तो ओढून घेतो. पेंढा घालतात. पेंढा पाणी धरत नाही, मांजर त्याच्यात शिरून बसतं, आणि त्याचीच ऊब त्याच्याभोवती राहते. पुष्कळ लोकांना माहीत नसतं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

कापूस पाणी पितो आणि सांगत नाही, हे गादीवाल्यांना कुणी सांगायचे राहिले होते असे नाही. हे गावाला सांगणारे तेच होते. पण ते वाक्य ज्यांच्यासाठी होते त्यांच्याजवळ गच्ची होती, गादी उचलायला हात होते. मांजर आपली गादी उचलून उन्हात कशी घालणार, एवढा एकच विचार त्या चाळीस वर्षांच्या अनुभवी डोक्यात आला नव्हता.

म्हातारी दुपारी गेली. डॉक्टरांनी तिला गादीवाल्यांच्या मांडीवर दिले होते. शेवटी तिने एकदा पुढचा पंजा त्यांच्या धोतरावर दाबला, गादीवर दाबून बघायची तसा, आणि मग दाबला नाही.

ते तिला टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आले. इस्त्रीवाल्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी गुंडाळी पाहिली आणि तोंडाला पदर लावला. दोघांनी मिळून अंगणाच्या कोपऱ्यात, नळापासून लांब, कोरड्या जागी खड्डा केला. माती लोटून झाल्यावर गादीवाले पायरीवर बसले आणि म्हणाले, "एवढं एकच काम दिलं होतं तिने मला."

इस्त्रीवाल्या बाई त्यांच्याजवळ बसल्या. हातातली माती चोळता चोळता त्या बोलू लागल्या.

"भाऊजी, मला शपथ होती. पण आता शपथ घालणारी नाही आणि ते मांजरही नाही. मी सांगते. तुम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी वहिनींना ओरडला होतात. कापसावरून. आठवतंय?"

"रोज आठवतंय."

"त्या दिवशी सकाळी, तुम्ही खाली यायच्या आधी, वहिनींनी एक पिल्लू पुरलं होतं. इथेच, भिंतीशी. तीन पिल्लं होती. हौसेनं तुमचा कापूस घातला होता, चांगला म्हणून. पावसाळी हवा होती. कापूस भिजला, आणि त्यातलं एक गारठून गेलं. बाकीच्या दोघांना त्या पदरात घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात तुम्ही आलात आणि ओरडलात."

गादीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिले.

"मी म्हटलं, सांगून टाका की, मग ते ओरडणार तरी नाहीत. तर म्हणाल्या, नको. ते रागावले ते बरंच झालं. मला सांगावं लागलं नाही. त्यांचा कापसावर फार जीव आहे, म्हणाल्या, त्यांच्या कापसानं पिल्लू गेलं हे त्यांना कळायला नको. मला शपथ घातली."

"म्हणजे तिने कापूस मागितला नाही तो... माझ्या भीतीनं नाही."

"भीती? तुमची?" इस्त्रीवाल्या बाई रडता रडता हसल्या. "वहिनींना? अहो, त्या तुम्हाला भीत होत्या असं तुम्हाला वाटत होतं?"

"सव्वीस वर्षं."

"मग कधी बोललात का नाही त्यांच्याशी?"

गादीवाल्यांनी पायरीवरची माती हाताने झाडली. इस्त्रीवाल्या बाईच पुढे म्हणाल्या, "मी तरी कुठे बोलले. गाद्या बघितल्या त्याच दिवशी बोलायला हवं होतं. शपथ मोडली असती तर मोडली असती. मांजर राहिलं असतं."

"तुमच्या सांगण्यानं मी ऐकलं असतं का, बाई?"

"नसतं ऐकलंत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवाले कपबशीवाल्यांकडे गेले. त्या दुकानात ते आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. त्यांना बघताच कपबशीवाले गल्ल्यावरून उठले आणि आतून एक पोते ओढत घेऊन आले. त्याचे तोंड सुतळीने बांधलेले होते.

"मावशींचं," ते म्हणाले. "थंडी लागल्यापासून बाजूला काढून ठेवलंय. म्हटलं, कुणीतरी येईलच घरातलं. आता माल सगळा फोममध्ये येतो हो, पेंढा मिळत नाही. हा मी मुद्दाम तबेल्यातून मागवून ठेवत होतो त्यांच्यासाठी. त्यांना सांगितलं नव्हतं, ओशाळल्या असत्या."

गादीवाल्यांनी पोते डोक्यावर घेतले. ते त्यांना वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ हलके होते. इतकी वर्षे ते जड असेल असेच ते धरून चालले होते.

अंगणात त्यांनी पेट्यांतून गाद्या काढल्या आणि पेंढा भरायला घेतला. सवयीने त्यांनी तो मुठीने ठासून, कोपरे दाबून, वरून थापटून सारखा केला. इस्त्रीवाल्या बाईंनी बघितले आणि त्या म्हणाल्या, "दाबू नका, भाऊजी. गादी नाही ती. मोकळा टाका, त्यांना आत शिरता आलं पाहिजे." त्यांनी तो सगळा पुन्हा उपसला आणि मोकळा टाकला. चाळीस वर्षे भरण्याचे काम केलेल्या माणसाला सैल टाकणे जमेना. चौथ्या पेटीला कुठे जमले. म्हातारीची पेटीही त्यांनी भरली. तिचे तोंड भिंतीकडे केले.

अकरा वाजता ऊन पडले. पाच-सहा दिवसांनी पडलेले ऊन बघून गल्लीतल्या सगळ्या बायकांनी अंथरुणे बाहेर काढली. कठड्यांवर, तारांवर, कुंपणांवर गाद्या आणि रजया आल्या. त्यांतल्या निम्म्या गादीवाल्यांच्या हातच्या होत्या. त्यांनीही लहान गाद्या एकेक करून अंगणातल्या कठड्यावर घातल्या. म्हातारीची गादी त्यांनी दोन्ही हातांवर धरली. गारठ्याने कडक झालेला कापूस आता सैल झाला होता, पण ओला होता, आणि ओल्या कापसात तिचा खळगा जसाच्या तसा होता. लहान, गोल, एका बाजूला मागच्या आखडलेल्या पायांची लांबट खूण. त्यांनी ठेवलेल्या उतारावर ती झोपलीच नव्हती. ती शेवटपर्यंत कोपऱ्यात, पेटीच्या लाकडाला चिकटून झोपली होती, कारण तेवढीच जागा कोरडी असावी.

गादी ओलीच ठेवली असती तर कुजली असती. त्यांनी ती उन्हात घातली आणि ते तेथेच उभे राहिले. तास-दीड तासात कापसाला वाफ सुटली, तंतू फुगले आणि खळगा हळूहळू वर आला. त्यांनी दोनदा पिंजलेला चांगला कापूस होता तो. दुपारी एकपर्यंत त्यात कुणी झोपले होते, याची काही खूण राहिली नाही.

टोपीवाला छपरावरून उतरला, पेट्यांभोवती हिंडला, एका पेटीत डोके घालून पेंढा हुंगून बाहेर आला आणि लांब जाऊन अंग चाटत बसला. गादीवाल्यांनी त्याला हाक मारली नाही.

इस्त्रीवाल्या बाई आपली गादी उलटी करायला आल्या होत्या. वर खोलीच्या खिडकीकडे बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, ऊन आहे तोवर तुमची पण आणून घाला की. किती महिने झाले. मी हात लावते एका बाजूला."

गादीवाल्यांनी कठड्यावरच्या, सगळीकडून सारख्या झालेल्या त्या लहान गादीवरून हात फिरवला.

"उद्या," ते म्हणाले.

"उद्या ऊन असेल का?"

"नसेल," गादीवाले म्हणाले, आणि पोत्याच्या तळाशी उरलेला पेंढा गोळा करायला खाली बसले.